नानाशा आणि नळ

२३ फेब्रुवारी, रविवार

उद्यापासून मांसाला सुट्टी, त्यामुळे आज सकाळपासून अंगणात धर्मलेकांची रांग. या गावात तीस वर्षं पी.टी.ची बाई म्हणून शिट्टी फुंकली. ती पोरं मोठी झाली, लग्नाला उभी राहिली आणि प्रत्येकाला नानाशा म्हणून मीच हवी. चर्चमध्ये जोडप्याच्या मागे मेणबत्ती धरून उभं राहायचं आणि मग जन्मभर त्यांची भांडणं सोडवायची, हे नानाशाचं काम. सख्खं आईपण त्याहून स्वस्तात पडतं. उपवास लागायच्या आधी त्यांनी वेणीचा गोल पाव आणि एखादी कोंबडी घेऊन यायचं, नानाशाचा हात धरून वर्षभराची माफी मागायची आणि आर्कादीच्या तळघरातली वाइन संपवायची. आर्कादी म्हणजे माझा नवरा. तो म्हणतो, "माफी तुझ्याकडे, खर्च माझ्याकडे."

ग्रिगोरे आणि ल्यूबा सगळ्यात शेवटी आले. ग्रिगोरे माझा लाडका, उगाच कशाला लपवा. आई गेली तेव्हा सातवीत होता, पुढची सगळी वर्षं माझ्याच स्वयंपाकघरात जेवला. आता त्याच्याकडे माती खणायची दोन मशिनं आहेत. आज पावाबरोबर एक तांबडा कोंबडा आणलान, जिवंत आणि चिडलेला.

"नानाशा, याला कापायचं नाही हं. आवाज ऐका नुसता!"

ल्यूबाने मोबाइलवर फोटो काढला: मी, ग्रिगोरे, पाव, कोंबडा. पाण्याच्या योजनेची निविदा तो भरणार आहे हे अख्ख्या वालेआ-नुकुलुई गावाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "आज धंद्याचं बोलायचं नाही." तर म्हणतो, "मी कुठे बोलतोय? कोंबडा बोलतोय."

गावातल्या विहिरी तपासणीत नापास झाल्याला चार वर्षं झाली. बालवाडीतली पोरं बाटलीतलं पाणी पितात आणि बाळंतिणी तालुक्याहून पाण्याचे कॅन आणतात. युरोपने पैसे मंजूर केलेत, पण मेअखेर ठेका सरळ मार्गाने ठरला नाही तर ते दुसऱ्या गावाला जाणार. मी सरपंच झाले ती एकाच वाक्यावर: प्रत्येक अंगणात नळ. नाही जमलं तर शिट्टी खुंटीला टांगून घरी बसायचं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बोंबला. ल्यूबाने तो फोटो फेसबुकवर टाकला. खाली लिहिलंय, "आमची लाडकी नानाशा, आमची सरपंच! देव तिला उदंड आयुष्य देवो आणि आमच्या नव्या कामाला यश देवो!" पुढे तीन बदाम. संध्याकाळपर्यंत फोटो राजधानीत, किशिनावला पोचला होता.

पोरीने प्रेमाने केलं, हेच वाईट. दुश्मनाने केलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पैसे देणाऱ्या कार्यालयातून कोरिना नावाच्या मुलीचा फोन. आवाज एकदम कोवळा, प्रश्न पोलिसाचे.

"सरपंचबाई, निविदा भरणारे ग्रिगोरे तुमचे नातेवाईक आहेत का?"

"नाहीत."

"रक्ताचे, लग्नाचे, दत्तक, कसलेच?"

"कसलेच नाहीत."

"मग कायद्याने प्रश्न मिटला. फक्त तो कोंबडा परत करून टाका. भेटवस्तू आहे."

परत करून टाका म्हणे! शहरातली पोर, तिला काय कळणार. नानाशाने धर्मलेकाची भेट परत करणं म्हणजे भर रस्त्यात त्याला सांगणं, की तू माझा कोणी नाहीस. मी हो हो म्हणून फोन ठेवला. कोंबडा अंगणात आहे आणि त्याचा आवाज खरंच जबरदस्त आहे.

४ मार्च, मंगळवार

कायद्याने सुटले तर मग घास का उतरत नाही? जेवताना आर्कादीला विचारलं.

"कारण कायद्यात नानाशाची ओळच नाही," तो म्हणाला. "युरोपातल्या लोकांना भाऊ, मेव्हणा, भाचा समजतो. धर्माई समजत नाही. कागदावर तू त्याची कोणी नाहीस आणि तो तर तुला आई म्हणतो."

"मग काय करू?"

"मला काय विचारतेस? मी तळघराचा मंत्री."

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते. माझ्या मनाने निकाल कधीच देऊन टाकलाय. ग्रिगोरेला मिळावं असंच मला वाटतं. तो कष्टाळू आहे, गावचा आहे, माझा आहे. निवड समितीत मी, उपसरपंच आणि सचिव; उपसरपंच माझा धर्मलेक, सचिवबाईच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला मीच उभी होते. पाइपांबद्दल एक शब्द न वाचता आम्ही तिघं सही करू आणि आम्हाला ते प्रामाणिक वाटेल. अख्खा देश युरोपच्या दारात उभा आहे, आणि तिथे जे सोडून या म्हणतात ते हेच. लाचेचं पाकीट सोडणं सोपं. माया कशी सोडायची?

९ मार्च, रविवार

सांस्कृतिक भवनात गावसभा बोलावली. गोंगाट थांबेना तेव्हा शिट्टी काढली. सगळे चूप. पन्नाशीचे बाप्येसुद्धा पाठीचा कणा ताठ करून बसले.

सरळ सांगितलं. "ग्रिगोरे माझा धर्मलेक आहे. कायदा विचारत नाही, पण तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी समितीतून बाहेर पडते. माझ्याशी किंवा ठेकेदारांशी ज्यांचं काही नातं नाही अशी पाच माणसं मला हवीत. हात वर करा."

एकही हात नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. हा धर्मलेक, ती धर्मलेकीची जाऊ, हा बाप्तिस्म्याचा व्याही, पाद्री तर माझ्या भावाचा सासरा.

मागून कोणीतरी ओरडलं, "सरपंचबाई, स्मशानात विचारा!"

"तिथे माझी स्वतःची नानाशा आहे," मी म्हटलं. हशा झाला.

मग ग्रिगोरे उठला. तो हसत नव्हता. "म्हणजे इतकी वर्षं मी तुमचा मुलगा होतो, आणि आज तुमचा हितसंबंध झालो?"

मला जे सुचलं ते नको होतं. "कोंबडाही परत पाठवते, ग्रिगोरे. ठेका ठरेपर्यंत."

तो टोपी घालून निघून गेला. ल्यूबा त्याच्या मागोमाग. संध्याकाळी आर्कादी कोंबडा काखेत मारून त्यांच्याकडे पोचवून आला आणि सरळ तळघरात उतरला. मी रडले. लिहायला काय लाज!

१३ मार्च, गुरुवार

टेकडीवरची बाप्टिस्ट पंथाची घरं! चार दिवस डोकं फोडून घेतलं आणि ती डोळ्यांसमोर असून दिसली नाहीत. त्यांच्यात नानाशा नसते. ते वाइनला शिवत नाहीत, आमच्या लग्ना-बाप्तिस्म्यांना येत नाहीत. म्हणजे आम्हीच बोलावत नाही.

फिलिमोन मधमाश्या पाळतो. दार उघडून म्हणाला, "या. निवडणूक नसताना सरपंच या दारात पहिल्यांदाच."

चहा दिला, सोबत मध. एखाद्या घरी पेल्याशिवाय इतका वेळ बसायची सवय नाही, हातांचं काय करायचं तेच कळेना. मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, त्याची सून एस्तेरा दारात उभी राहून ऐकत होती.

"तुमच्या टेबलाशी आम्हाला कधी जागा नव्हती," फिलिमोन म्हणाला, "म्हणून आता या टेबलाशी आहे. असंच ना?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "असंच."

"आम्हाला पाइपातलं काही कळत नाही."

"किशिनावहून इंजिनियर येईल. तो समजावेल, मत तुम्ही द्यायचं."

तो सुनेकडे बघायला लागला. एस्तेरा म्हणाली, "बाबा, आपणही त्याच विहिरींचं पाणी पितो." मग त्याने अट घातली: सगळं काम उघड्या दाराने, ज्याला ऐकायचंय त्याने येऊन बसावं, आणि शेवटी पार्टी-बिर्टी नाही. मी निघताना त्याने मधाची बरणी पुढे केली, मग स्वतःच मागे घेतली. "राहू दे. भेटवस्तू होईल." माणूस विनोदी आहे. इतकी वर्षं एका गावात राहून मला माहीत नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

सकाळी घराबाहेर पडले तर समोरून ल्यूबा, दोन्ही हातांत काठोकाठ बादल्या. भरलेली बादली आडवी गेली की काम फत्ते, रिकामी गेली की सत्यानाश, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझा विश्वास नाही, पण बरं वाटलं. मी हाक मारली तर बाईने मान फिरवली. तिच्या घरामागे स्वतःची विहीर आहे, मग आमच्या आळीत पाण्याला कशाला कडमडली? मला तोंड दाखवून मग फिरवायला, दुसरं काय.

मला आत जायला बंदी. भवनाच्या पायरीवर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले. आत पाच बाप्टिस्ट, एक इंजिनियर आणि अर्धं गाव. दुपारी एस्तेरा बाहेर आली, घसा बसला होता तिचा. उत्तरेकडच्या एका कंपनीला काम. दुसरे आले तालुक्याचे ठेकेदार ब्रागुत्सा शेठ, ज्यांना आजवर दुसरं यायची सवय नाही. ग्रिगोरे तिसरा. त्याने पाइप पुरेसे खोल टाकायचे धरले नव्हते, पहिल्या कडक थंडीत फुटले असते.

मी असते तर त्यालाच दिलं असतं. आणि जानेवारीत सगळं गाव बर्फ फोडत बसलं असतं.

२० एप्रिल, ईस्टर

लाल अंडी फोडली, एकमेकांना आनंदाचं अभिवादन केलं, सगळे आले. ग्रिगोरेची खुर्ची मी मांडली होती, कोणी विचारलं नाही आणि कोणी बसलंही नाही.

६ मे, मंगळवार

व्हायचं तेच झालं. ब्रागुत्सा शेठने किशिनावला तक्रार केली, की समिती सरपंचबाईच्या ताटाखालचं मांजर आहे. सुनावणी बावीसला. निकाल विरुद्ध गेला तर पहिल्यापासून सगळं, आणि मेअखेरीची मुदत गेली म्हणजे पाणीही गेलं.

कोरिना फोनवर सांगत होती, तक्रारीला वजन यावं म्हणून आणखी एका हरलेल्या ठेकेदाराच्या सहीची जागा ठेवली आहे, ती रिकामी आहे. ती सही ग्रिगोरेचीच असणार होती. शेठची काळी गाडी त्याच्या दारात लोकांनी दोनदा पाहिलीये. पण पोरगं कागदपत्रांत कायमचंच ढिलं, तारीख चुकली असणार. त्याचा आळस एकदाचा आमच्या कामी आला.

२२ मे, गुरुवार

जिंकलो! आधी हे लिहिते, मग बाकीचं.

समितीला घेऊन पहाटेच्या बसने किशिनावला जायचं होतं. थांब्याजवळ पुन्हा ल्यूबा, पुन्हा भरलेल्या बादल्या, माझ्या समोरून सरळ आडवी. इतक्या पहाटे! या बाईला झोप येत नाही की काय? फिलिमोन माझ्याकडे बघून मिशीत हसला. मी विचारलं काय झालं, तर म्हणे, "आम्ही शकुन मानत नाही, सरपंचबाई. पण डोळे आहेत आम्हाला." काहीतरी गूढ बोलतो.

सुनावणीत शेठच्या वकिलाने फिलिमोनला उभं केलं.

"सरपंचांच्या घरी तुम्ही शेवटचं कधी जेवलात?"

"जेवलोच नाही."

"लग्नकार्यात? बाप्तिस्म्याला?"

"आम्हाला बोलावत नाहीत."

"अहो, एका गावात राहता! सणासुदीला पेलाभर वाइन तरी?"

"मी पीत नाही. आणि त्यांनी कधी विचारलंही नाही."

लोक हसत होते. वकील पाचही जणांना तेच विचारत गेला, उलटंसुलटं करून, आणि पाचही जणांनी तेच सांगितलं. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. माणूस तीस वर्षं आपल्या गावात राहतो, आपण त्याला एक घास विचारत नाही, आणि त्याच गोष्टीवर आपण खटला जिंकतो! वकिलाला एकही धागा सापडला नाही. तक्रार फेटाळली.

बाहेर रस्त्यावर मी शिट्टी फुंकली. ट्रॅफिकचा पोलिस दचकला. कोरिनाने मला मिठी मारली. दिसायला आवाजाइतकीच कोवळी आहे. विजयाचा पेला उचलायचा तर समितीला चालत नाही, म्हणून आम्ही सगळे बागेतल्या बाकांवर रांगेने बसलो आणि आइसक्रीम खाल्लं. ठेक्यावर उद्या सह्या.

२५ मे, रविवार

फिलिमोनचं अख्खं घर आमच्याकडे जेवायला. ठेका झालाय, आता ते समिती नाहीत, शेजारी आहेत. मक्याच्या पिठाची ममालिगा, मेंढीच्या दुधाचं चीज, सारण भरलेली प्लाचिंता आणि चेरीचं सरबत. वाइन नाही. आर्कादीने तीन तास सरबतावर काढले, देशासाठी त्याने केलेला हा सर्वांत मोठा त्याग. मी भांडी घासू दिली नाहीत तेव्हा एस्तेरा भांडलीसुद्धा. बरं वाटलं.

१७ जुलै, गुरुवार

गाव उकरून ठेवलंय. रोज कोणी ना कोणी तक्रार घेऊन येतो: याची कोंबडी चरात पडली, त्याची गाडी निघेना. अरे बाबांनो, पाणी हवेतून येणार होतं का? रस्त्यापासून अंगणापर्यंतची जोडणी ज्याची त्याने करायची, आणि ग्रिगोरेची दोन्ही मशिनं सकाळपासून घरोघरी तेच करतायत. आमच्या गल्लीतही आला होता. आमचाही चर खणून गेला, चांगला खोल. आर्कादीशी बोलला, माझ्याशी नाही. मी खिडकीतून बघत राहिले. टोपी धुवायला झालीये त्याची.

३ नोव्हेंबर, सोमवार

उद्या पाइपात दाब सोडून बघणार. आठ महिन्यांत गावाने मला काय मिळवून दिलं? नवे शत्रू आणि एक रिकामी खुर्ची. उतारवयात हे झेंगट कशाला मागे लावून घेतलं, असं वाटून जातं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दाब टिकला! एकाही जागी गळती नाही. सकाळी निघताना ल्यूबा होतीच बादल्या घेऊन. मी आता मनात म्हणते, असो, हिचीही सवय झाली.

८ नोव्हेंबर, संत दुमित्रूचा दिवस

गावाची जत्रा. घरोघरी पाहुणे, पातेली, बाजा. दुपारी सगळं गाव बालवाडीच्या अंगणात. कोरिना आली होती, युरोपच्या निळ्या झेंड्याखाली भाषण करायला. तिने सांगितलं, पुढच्या वर्षापासून त्यांच्या योजनेत पैसे मागणाऱ्या प्रत्येक गावाला एक नवा प्रश्न विचारला जाईल: तुम्ही कोणाचे नानाश किंवा नानाशा आहात का? "ही तुमच्या गावाची ओळ आहे," ती म्हणाली. लोकांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की बाजेवाले बुचकळ्यात पडले. युरोपने आम्हाला इतकं शिकवलं, आम्हीही युरोपला एक शब्द शिकवला!

नळ मी उघडायचा असं ठरलं होतं. मी फिलिमोनला पुढे केलं. त्याने चावी फिरवली. आधी नळ खोकला, मग गढूळ पाणी थुंकला, आणि मग स्वच्छ धार! बालवाडीतली पोरं ओंजळी घेऊन घुसली, त्यांच्या आया त्यांच्या मागे, सगळ्यांचे ठेवणीतले कपडे ओले. पाद्रीने घंटा वाजवायला लावल्या. टेकडीवरची माणसं आज पहिल्यांदा जत्रेत सगळ्यांबरोबर एका टेबलाशी जेवली, आणि सरबताची बरणी आर्कादीने स्वतः फिरवली. झालं! केलं आम्ही!

घरी आले तर फाटकात ग्रिगोरे आणि ल्यूबा. त्याच्या काखेत तो तांबडा कोंबडा.

"ठेका ठरला, काम संपलं," ग्रिगोरे जमिनीकडे बघत म्हणाला. "आता हा हितसंबंध नाही, नानाशा. नुसता कोंबडा आहे."

मी त्याच्या छातीवर दोन बुक्के मारले आणि मग त्याला आवळून धरलं. मध्ये कोंबडा चेंगरला. नाक पुसत म्हटलं, "तू आळशी म्हणून वाचलो बघ. ती शेठची तक्रार, सहीची तारीख चुकवलीस ते बरं झालं."

त्याने कोंबडा अंगणात सोडला. ल्यूबाच बोलली. "तारीख? नानाशा, शेठचा माणूस दोनदा आला होता. दोन्ही वेळा यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं. म्हणाले, मी तिच्यावर रागावलोय, तो माझा हक्क आहे. तुझा नाही."

ती आमच्या अंगणातल्या नव्या नळाखाली बादली लावून उभी राहिली. काठोकाठ भरली, उचलली आणि माझ्या समोरून आडवी जाऊन बादली पायरीवर ठेवली.

"घ्या. ही शेवटची. आता मला पहाटे उठून तुमच्या आळीत यायला नको."

"शेवटची म्हणजे?"

ल्यूबा माझ्याकडे बघून हसायला लागली. "अहो, आमच्या घरामागे विहीर आहे की!"

शिट्टी तोंडात धरली, पण फुंकायला श्वासच राहिला नाही. शेवटी कोंबड्यानेच काय तो आवाज दिला.